शेवटचा पाव फेरा

मराठीत ‘पुरे’ या शब्दाइतका सोपा शब्द क्वचितच असेल, आणि तो योग्य वेळी उच्चारण्याइतके अवघड कामही क्वचितच असेल. दिवाळीच्या दिवसांत तर या बिचाऱ्या शब्दाची फारच ओढाताण होते. पाहुणा ‘पुरे, पुरे’ म्हणतो तेव्हा त्याला आणखी एक करंजी चालणार असते. यजमानीण ‘बरं, राहिलं’ म्हणते तोवर तिच्या हातची करंजी त्याच्या ताटलीत पडलेलीही असते. पुरे नेमके कोठे होते हे ठरवण्याची जबाबदारी आग्रह करणारा घेत नाही आणि आग्रह करवून घेणाराही घेत नाही. शेवटी ते पोट ठरवते, आणि तेही दुसऱ्या दिवशी!

या शब्दाचा अर्थ मला ज्या गुरूने समजावून दिला, तो बोटभर लांबीचा, चिनी मातीच्या पांढऱ्या अंगाचा आणि पोलादी कमरेचा आहे. मोटारीच्या इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग, तो हा गुरू. दिवाळी अंकातल्या चिंतनपर लेखात मोटारीच्या प्लगाने शिरावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गाडीची किरकोळ देखभाल हातांनी करण्याची मला जुनी हौस आहे, आणि प्लग बसवता बसवता एक प्रश्न माझ्यासमोर पुनःपुन्हा येऊन उभा राहिला आहे. दुष्टपणाने केलेल्या कृत्याला दोष देणे सोपे. त्याला कोणीही देईल. पण चांगल्या हेतूने, निव्वळ काळजीपोटी एखाद्याने प्रमाणाबाहेर जोर लावला आणि त्यातून नुकसान झाले, तर त्या जोराला आपण सद्गुण म्हणायचे की दोष?

ज्यांनी गाडीचे बॉनेट कधी उघडलेले नाही त्यांच्यासाठी या वस्तूची थोडी ओळख करून देतो. पेट्रोलच्या इंजिनात सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या क्षणी त्यात ठिणगी पडते. ही ठिणगी प्लगाच्या टोकाशी असलेल्या, बहुधा मिलिमीटरभरही नसलेल्या फटीत पडते. तेवढी फट उडी मारून ओलांडायला विजेला दहा हजारांपासून पंचवीस-तीस हजार व्होल्टपर्यंत दाब लागतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग सेकंदाला २५ ठिणग्या टाकतो. आपण गाडीत बसून मुलांशी गप्पा मारत लोणावळ्याच्या घाटातून जातो तेव्हा हा गृहस्थ आगीत तोंड घालून हे काम करत असतो आणि त्याची कोणाला आठवणही नसते. १९०२ साली जर्मनीत स्टुटगार्ट येथे बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड या तंत्रज्ञाने उच्च दाबाच्या मॅग्नेटोबरोबर प्लग जोडून दाखवला, आणि मोटारींच्या वेगाला खरी वाट मिळाली. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला निघालेल्या ‘मायको’ने हे प्लग घरोघरच्या स्कूटरींपर्यंत पोहोचवले. प्लगाचे साहित्य बदलले, टोकाला इरिडियमसारखा महाग धातू आला, तरी मूळ युक्ती तीच राहिली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. प्लग इंजिनाच्या माथ्यावर, म्हणजे हेडमध्ये, आट्यांनी बसतो. प्लगाचे आटे पोलादी असतात. हेड पूर्वी पुष्कळ गाड्यांत बिडाचे असे. ॲम्बॅसडरचे तसेच होते. पण फियाटच्या घराण्यातल्या पद्मिनीचे ॲल्युमिनियमचे होते, आणि आजच्या बहुतेक सगळ्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचेच असते. म्हणजे कठीण धातूचे आटे मऊ धातूच्या आट्यांत शिरतात. शिवाय यातली कठीण वस्तू स्वस्त आहे आणि मऊ वस्तू महाग. काहीशे रुपयांत नवा प्लग येतो. हेड बिघडले तर महिन्याच्या घरखर्चाचा हिशेब कोलमडतो. जोर वाजवीपेक्षा जास्त लागला की झिजतो, फाटतो तो मऊ पक्षच. पोलादाला ओरखडाही उठत नाही. संसारातही दोन स्वभावांच्या झटापटीत जे होते त्याहून हे फार निराळे नाही. पण ते पुढे पाहू.

प्लग नीट बसवण्याची रीत मोठी रम्य आहे, आणि तिच्यातला क्रमच मला बोलका वाटतो. प्रथम इंजिन थंड होऊ द्यायचे. ॲल्युमिनियम तापले की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तापलेल्या हेडमधून प्लग ओढून काढू गेले तर आटे एकमेकांना ओरबाडतात. म्हणून थांबायचे. मग प्लगाच्या खळग्यात साचलेली धूळ पंपाने फुंकून काढायची, आणि तीही प्लग काढण्याच्या आधी. नंतर फुंकली तर तीच धूळ सिलिंडरात जाऊन पडते. एका वेळी एकच प्लग काढायचा, म्हणजे तारांची अदलाबदल होत नाही. निघालेल्या प्लगाचे तोंड क्षणभर वाचायचे. फिकट तपकिरी किंवा राखी असेल तर इंजिनाची प्रकृती ठीक. काजळी धरलेली असेल तर पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त जळते आहे किंवा ठिणगी दुबळी आहे. तेलकट असेल तर दुखणे खोल आहे. नव्या प्लगाची फट गेजने पाहायची. इरिडियमचे टोक मात्र केसांच्या पिनेहून नाजूक. ते खरवडायचे नाही की वाकवायचे नाही. आणि प्लग हातातून फरशीवर पडला असेल तर तो वापरण्याचा मोह आवरायचा. आतली चिनी माती तडकलेली बाहेरून दिसत नाही.

यानंतर येतो सगळ्यांत हळुवार भाग. प्लग आट्यांना लावायचा तो बोटांनी. पान्याने मुळीच नाही. आपल्या घरातल्या बायकांना ही विद्या उपजतच ठाऊक असते. लोणच्याच्या बरणीचे फिरकीचे झाकण किंवा पितळी सोऱ्याचे आट्यांचे झाकण लावताना त्या ते आधी किंचित उलटे फिरवतात. आटा आट्यावरून घसरून ‘टक्’ करून खाली बसतो, आणि मग सुलटे फिरवले की झाकण अलगद चढते. प्लगाचेही अगदी तेच. खळगा खोल असेल आणि बोटे पोहोचत नसतील तर जाणते मिस्त्री प्लगाच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवतात आणि ती नळी चिमटीत फिरवून प्लग आत सोडतात. यातली खुबी अशी की आटा वाकडा लागला तर नळी टोकावरून घसरते आणि नुसतीच फिरत राहते. वाकड्या आट्यावर जबरदस्ती करण्याची ताकदच तिच्यात नाही. बळ नसणे हाच जिचा गुण आहे असे हे हत्यार मला फार शहाणे वाटते. पंधराएक आटे असे बोटांनी चढले की प्लग आपल्या बैठकीवर टेकतो. पान्याचे काम तेथे सुरू होते, आणि ते अगदी थोडे असते.

किती थोडे? वॉशर असलेला १४ मिलिमीटरचा नवा प्लग बोटांनी टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. बस्स. प्लगाचा वॉशर पोकळ कड्यासारखा असतो. तो या फेऱ्यात दबून चपटा होतो आणि त्या दबण्याने फट बंद करतो. तोच प्लग काढून पुन्हा बसवायचा असेल तर फक्त एक बारांश फेरा, म्हणजे घड्याळातल्या एका तासाच्या अंतराएवढा. कारण वॉशर एकदा दबून गेलेला आहे. जो एकदा दबला आहे त्याला दुसऱ्यांदा तितकेच दाबू नये, एवढी माया या निर्जीव शास्त्रातही आहे. आकड्यांत सांगायचे तर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये अशा प्लगाला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलो वजन टांगावे, तेवढा. धडधाकट माणसाचा हात याच्या तिप्पट जोर सहज लावतो.

न्यायाने बोलायचे तर सैल प्लगही कमी अपराधी नाही. प्लगाच्या टोकाला जी उष्णता लागते ती त्याच्या बैठकीतून आणि आट्यांतून हेडमध्ये उतरते. बैठक सैल असेल तर ही वाट तुटते, टोक लाल होते, ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटू लागते, आणि प्रकरण पिस्टनला भोक पडण्यापर्यंत जाऊ शकते. म्हणून ‘आवळूच नका’ असे कोणी समजू नये. परंतु सैलपणाची चूक करणारे थोडे, आणि ती लवकर बोलते. फटफट आवाज येतो, इंजिन अडखळते. अति आवळण्याची चूक मात्र मुकी असते. प्लग घट्ट बसतो, गाडी झकास चालते, आवळणारा हात पुसत समाधानाने घरात जातो. चूक तेथेच, अंधारात, वर्षानुवर्षे स्वस्थ बसून राहते. ती बोलते ती पुढच्या माणसाशी. आणि तेव्हा आवळणारा बहुधा तेथे नसतो.

काही वर्षांपूर्वी मी एक जुनी गाडी विकत घेतली. माझ्या आधी तिचे दोन मालक झाले होते. पहिल्यांदा प्लग काढायला बसलो तेव्हा तीन सरळ निघाले. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र करकरत, अडत, नाराजीने बाहेर आला. त्याच्या पोलादी आट्यांत ॲल्युमिनियमच्या चकचकीत काड्या भरलेल्या होत्या. हेडचे आटे प्लगाबरोबरच उपटून आले होते. गाडी पुण्यातल्या नाना पेठेत एका वृद्ध मिस्त्रींकडे न्यावी लागली. त्यांनी हेड उतरवले, भोक मोठे करून नवे आटे पाडले आणि त्यात तारेच्या वेटोळ्याची हेलिकॉइल बसवली. या कामात तीन दिवस गेले आणि एका लग्नाला आम्हांला एस.टी.ने जावे लागले. मी त्या अज्ञात पूर्वसूरीबद्दल दोन-चार शेलके शब्द बोललो. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला, तो प्लग बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, रागानं कोणी प्लग आवळत नसतो. हे काळजीचं काम आहे. सुटू नये म्हणून केलंय बिचाऱ्यानं.”

त्या ‘बिचाऱ्यानं’ने माझा राग उतरला, पण प्रश्न अधिकच चढला. कारण मिस्त्रींचे म्हणणे खरे होते. त्या माणसाने ते काम टाकलेले नव्हते, उरकलेले नव्हते. उलट त्याने जरुरीपेक्षा जास्त काळजी घेतली होती. कदाचित त्याच दिवशी त्याला बायकामुलांना घेऊन कोठे लांब जायचे असेल. वाटेत प्लग सुटला तर काय, या विचाराने त्याने पाना पुन्हा हातात घेतला असेल आणि दात आवळून आणखी पाव फेरा दिला असेल. हेतूवरूनच कर्माची किंमत ठरवायची असेल तर याला पूर्ण गुण द्यायला हवेत. आणि परिणामावरून ठरवायची असेल तर याच्या नावावर एक फाटलेले हेड आहे.

या पाव फेऱ्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वॉशर दबला, बैठक टेकली, त्या क्षणी इंजिनाची गरज संपली होती. धातूचे एक गुपित असे आहे की आवळलेली वस्तू घट्ट राहते ती तिच्यात किंचित ताण साठतो म्हणून. ती ताणलेल्या स्प्रिंगसारखी धरून राहते. ताण मर्यादेबाहेर गेला की धातू पुन्हा पूर्ववत होण्याची शक्ती गमावतो. म्हणजे त्या मर्यादेपुढे आवळल्याने पकड वाढत तर नाहीच, ती हळूहळू मरते. तेव्हा तो शेवटचा पाव फेरा इंजिनाच्या उपयोगाचा नव्हता. मग तो कोणाच्या उपयोगाचा होता? आवळणाऱ्याच्या मनाच्या. त्याला स्वतःच्या धास्तीपासून सुटका हवी होती आणि ती त्याने हेडच्या खर्चाने मिळवली. पावती मात्र फाडली गेली दुसऱ्याच्या नावाने, आणि तीही काही वर्षांनी.

काळजी आणि धास्ती या दोन सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, पण दोघींची तोंडे भिन्न दिशांना आहेत. काळजी ज्या वस्तूची घ्यायची तिच्याकडे पाहते; धास्ती स्वतःच्या छातीतल्या धडधडीकडे पाहते. काळजी विचारते, ‘हिला किती हवे?’ धास्ती विचारते, ‘मला अजून का बरे वाटत नाही?’ म्हणून काळजीला थांबण्याची जागा असते, धास्तीला नसते. बाहेरून मात्र दोघींच्या कपाळावर सारखाच घाम दिसतो, आणि घाम आला की काम चांगले झाले अशी आपली सगळ्यांचीच समजूत असते.

आणखी एक गोष्ट. शेवटी जास्त जोर लावण्याचा मोह कोणाला होतो? ज्याने सुरुवातीला कमी लक्ष दिले त्याला. ज्याने खळगा पुसला आहे, वॉशर डोळ्यांनी पाहिला आहे, पंधराही आटे स्वतःच्या बोटांनी चढताना अनुभवले आहेत, त्याला प्लग नीट बसला याची खात्री पाना हाती घेण्यापूर्वीच झालेली असते. ज्याने घाईघाईत पान्यानेच प्लग आत घातला त्याच्या मनात शंकेला जागा उरते, आणि ती जागा तो जोराने भरून काढतो. काळजीचे भांडवल आरंभी खर्च केले नाही की शेवटी ते बळाच्या रूपाने व्याजासह द्यावे लागते. हे माझ्या मते प्लगाच्या शास्त्राचे सार आहे. जादा काळजी घ्यायचीच असेल तर ती शेवटच्या फेऱ्यात घेऊ नये. पहिल्या आट्याशी घ्यावी. तेथे ती कितीही घेतली तरी कोणाचे काही फाटत नाही.

कोणी म्हणेल, एवढा घोळ कशाला? टॉर्क रेंच नावाचा मोजपट्टीचा पाना मिळतो. त्यावर आकडा लावावा, ‘कट्’ वाजले की थांबावे. नीतीचा प्रश्नच मिटला! तो पाना मजजवळ आहे, आणि मी तो आदराने वापरतो. त्या आकड्यामागे कितीतरी कारखान्यांत तुटलेले प्लग आणि फाटलेले आटे आहेत. इतरांचा अनुभव आयता मिळत असताना आपल्याच मनगटाचा अभिमान धरण्यात शहाणपण नाही. पण आकड्यालाही त्याच्या अटी असतात. तो आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी सांगितलेला असतो. पुढे काढायला सोपे जावे म्हणून कोणी आट्यांना ग्रीस फासले तर घर्षण कमी होते, आणि त्याच आकड्याला आट्यांवर कितीतरी जास्त ताण पडतो. ‘कट्’ वाजते, पाना निर्दोष सुटतो, आणि हेडला मात्र सोसावे लागते. म्हणून प्लगाचे कारखानदार मुलामा दिलेल्या आट्यांना काही लावू नका असे सांगतात. नियम पाळला एवढ्याने माणूस जबाबदारीतून मोकळा होत नाही. तो नियम कोणत्या परिस्थितीसाठी केला होता हे पाहण्याचे काम त्याच्याकडे उरतेच.

‘अति तेथे माती’ हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि ॲरिस्टॉटलनेही सद्गुण हा दोन टोकांच्या मध्ये असतो असे सांगून ठेवले आहे. याहून सुंदर गोष्ट बौद्ध ग्रंथांत आहे. सोण नावाच्या भिक्षूने पाय रक्तबंबाळ होईपर्यंत चंक्रमण करून साधना केली, तरी मन शांत होईना. तो पूर्वाश्रमी वीणावादक होता. बुद्धाने त्याला वीणेच्या तारांविषयी विचारले. फार ताणल्या तर वाजेना, फार सैल सोडल्या तरी वाजेना, हे त्याच्याच तोंडून वदवून घेतले, आणि साधनेचा प्रयत्नही तसाच समतोल ठेवायला सांगितला. ही गोष्ट मला फार प्रिय आहे. तरी एक फरक नजरेआड करता येत नाही. वीणेची तार जास्त ताणली तर तत्क्षणी बेसूर बोलते. वाजवणाऱ्याचाच कान दुखतो आणि वाजवणाराच खुंटी सैल करतो. प्लग बोलत नाही. तेथे चूक एकाची आणि कान दुखतो दुसऱ्याचा. वीणेजवळ प्रमाण सांभाळायला चांगला कान पुरतो. जेथे चूक मुकी आहे तेथे कानाच्या जोडीला दुसऱ्याची चाड लागते. नीतीचा खरा प्रांत मला येथून सुरू होतो असे वाटते. जे आपल्यालाच लगेच टोचते ते टाळण्याला शहाणपण म्हणतात. जे आपल्याला कधीच टोचणार नाही, तरीही टाळायचे, त्याला धर्म म्हणावे.

‘गाडी माझी, प्लग माझा, आटे गेले तर माझे गेले,’ असेही कोणी म्हणू शकेल. परंतु आपल्याकडे वस्तू एका हाती राहत नाहीत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्यांची आठवण पुष्कळांना असेल; ऑक्टोबर २०२३मध्ये त्यांतल्या शेवटच्या रस्त्यावरून गेल्या. त्या टॅक्स्या वर्षानुवर्षे कुर्ला, दादर, भायखळ्याच्या रस्त्याकडेला दुरुस्त होत, दिवसपाळीच्या चालकाकडून रातपाळीच्या चालकाकडे जात. त्यांच्या एका हेडमध्ये किती माणसांनी प्लग बसवले असतील याची गणती नाही. या माणसांनी एकमेकांची तोंडेही पाहिली नसतील. तरी प्रत्येकाने मागच्याच्या भल्याबुऱ्या हातावर आपली रोजी चालवली. मालकी म्हणजे बहुतेक वेळा आपली पाळी. पाळी संपल्यावर वस्तू ज्याच्या हाती जाईल त्याला ती उघडता यावी, एवढे आपल्याकडून सुटू नये. शिवाय तो पुढचा माणूस कित्येकदा आपणच असतो. फक्त थोडे म्हातारे, आणि मनगटात थोडे कमी बळ असलेले.

घरच्या गोष्टींकडे वळण्याचा मोह येथे अनावर होतो. उपमाही फार आवळल्या तर त्यांचे आटे जातात, हे मी जाणतो. म्हणून हलक्या हाताने सांगतो. मुलगा परगावी शिकायला निघतो तेव्हा आपण त्याला दिवसातून एकदा फोन कर म्हणतो. हा अर्धा फेरा. मग दोनदा कर म्हणतो. मग न कळवता कोठे जाऊ नकोस म्हणतो. मग तो फोन उचलत नाही म्हणून त्याच्या मित्राला फोन करतो. यातल्या कोणत्या फेऱ्याला तो नीट बसला आणि कोणता फेरा आपल्या छातीतल्या धडधडीसाठी दिला, हे ओळखणे सोपे नाही. माणसांना आकडा लावलेला पाना नाही. पण प्रश्न तोच विचारता येतो: हे याच्यासाठी, की माझ्यासाठी? वृद्ध वडिलांना पथ्याच्या नावाखाली फराळाच्या ताटापासून दूर बसवणारा मुलगा, सुनेच्या भल्यासाठी तिला प्रत्येक पदार्थात सुचवणी करणारी सासू, या सर्वांचा हेतू चांगलाच असतो. म्हणूनच त्यांना कोणी थांबवू शकत नाही. दुष्ट माणसाचा हात धरता येतो. काळजी करणाऱ्याचा हात कोण धरणार? तो त्याचा त्यालाच धरावा लागतो. आणि एकदा दबलेल्याला दुसऱ्या वेळी एक बारांशच पुरतो, हेही तेथे विसरले जाते.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर मी असे देतो. हेतू चांगला असेल तर माणूस दुष्टाव्याच्या आरोपातून सुटतो. जाणून घेण्याच्या कर्तव्यातून सुटत नाही. ज्याची काळजी घ्यायची त्याला किती सोसते याची चौकशी हा काळजीचाच पहिला भाग आहे. ती चौकशी न करता लावलेला जोर कितीही प्रेमाचा असला तरी तो प्रेमाच्या खात्यावर मांडता येणार नाही. त्या अज्ञात माणसाला मी दुष्ट म्हणत नाही. मिस्त्रींप्रमाणे ‘बिचारा’ म्हणतो. पण निर्दोष म्हणायला माझी जीभ धजत नाही.

विजेच्या गाड्यांत प्लग नसतो. त्या वाढत जातील तसा हा गुरू हळूहळू अडगळीत जाईल. त्याचे मला फारसे दुःख नाही. आटे मात्र जगातून जाणार नाहीत. नळाला राहतील, चष्म्याच्या काडीला राहतील, बरणीच्या झाकणाला राहतील, आणि दोन माणसांच्या मध्येही राहतील. यंदा दिवाळीची साफसफाई करताना कोठेतरी एखादे झाकण तुमच्याही हाती येईल. ते आधी किंचित उलटे फिरवून पाहा, आटा ‘टक्’ करून बसू द्या, मग बोटांनी चढवा. आणि जेथे ते टेकेल तेथे हात काढून घ्या. पुढच्या वर्षी ते घरातल्या सगळ्यांत लहान मुलाला उघडता आले, तर तुमचे काम चोख झाले असे समजा.